इलाज कोणाचा?

फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्याविषयी बोलायचे ती मुले त्याच ताटाशी बसलेली असतात.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीआधी, जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावचे एक शेतकरी शाळेत आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, लेकरू पंधरा वर्षांचं. पोरींकडं त्याचं मन नाही, मित्रातच जीव गुंतलाय म्हणतो. शहरात समुपदेशक हायेत, सुधारून देतात म्हणे. पत्ता तेवढा द्या."

मी पत्ता लिहून दिला. सुट्टीनंतर मुलगा परतला तो मुका होऊनच. बापाची माया खोटी नव्हती; अवघड आहे ते हेच.

बापाला लेकराचे भले करण्याचा अधिकार नाही काय? समुपदेशकाला मत सांगण्याचे स्वातंत्र्य नाही काय? आहे. पण मत सांगणे निराळे आणि आजार नसताना इलाजाचे वचन देणे निराळे. समलिंगी ओढ जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच रोगांच्या यादीतून काढली. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून बाप विश्वास टाकतो. अल्पवयीन मुलाला तर 'नको' म्हणण्याचीही सोय नसते. म्हणून कायद्याने परवानाधारकाचा हात धरणे मला योग्य वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांपुरता असा कायदा २०१२ साली केला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असला 'इलाज' व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. पण तो बंध डॉक्टरांवर. घराच्या उंबऱ्याआत त्याचा हात पोचत नाही.

तिथे उपयोगी पडते ती दुसरीच हकीकत. घरच्यांच्या विरोधामुळे दोन तरुणी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी कबूल केले की, हा विषय आपल्यालाच पुरता उमगलेला नाही. ते स्वतः मानसतज्ज्ञापुढे विद्यार्थी होऊन बसले. मग ७ जून २०२१ रोजी त्यांनी आदेश दिला आणि ओढ बदलण्याच्या अशा उपचारांना मनाई केली.

न्यायासनावरचा माणूस शिकायला गेला. आम्ही मात्र मुलाला धाडले.

आज तो बाप आला, तर चांगल्या समुपदेशकाचा पत्ता मी अजूनही देईन. एवढेच म्हणेन, "भाऊ, लेकराला घरी राहू द्या. आपण दोघे जाऊ."