पाहुणे की गिऱ्हाईक?

शाळांच्या परीक्षा संपत आल्या, की आपल्या धर्मग्रामात सहलीचे वारे वाहू लागते. कुठे जायचे यावर मात्र एकमत होत नाही. तरुणांना गोवा हवा असतो, महिला मंडळाला वेलंकनी. ज्येष्ठ म्हणतात, लांबचा प्रवास झेपत नाही, बांद्र्याच्या मोत माऊलीला जाऊन येऊ. शेवटी पैशांचा आणि सुट्ट्यांचा हिशेब होतो, आणि ठरते ते नेहमीचेच: एक दिवस, एक बस आणि जवळचा एखादा समुद्रकिनारा.

मागे एका शिबिरात आम्ही मुलांना ‘माझे आवडते ठिकाण’ या विषयावर बोलायला सांगितले होते. मुले छान बोलली. कोणी माथेरानच्या छोट्या गाडीचे वर्णन केले, कोणी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे, कोणी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बासिलिकाचे. पंचवीस-तीस मुले बोलली, पण तिथे राहणाऱ्या एकाही माणसाचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात आला नाही. डोंगर होते, चर्च होते, आइस्क्रीम होते, माणसे नव्हती. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हा मोठ्यांना बोलायला सांगितले असते, तर आम्हीही याहून वेगळे काही सांगितले नसते.

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे, कारण आपणच एका ‘आवडत्या ठिकाणी’ राहतो. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव ही आपली रोजची गावे, मुंबईकरांची मात्र सहलीची ठिकाणे. रविवारी दुपारी मिस्सा आणि जेवण आटोपून आपण जरा आडवे होतो, तोच गाड्यांचे भोंगे सुरू होतात. वाडीच्या तोंडाशी कोणी गाडी लावून जातो. सुरूच्या बनात मोठमोठ्याने गाणी वाजतात. आणि सोमवारी सकाळी किनाऱ्यावर पाऊल टाकावे, तर काचांचे तुकडे, खरकट्या पत्रावळी आणि लहान मुलांच्या एकेकट्या चपला. पाहुण्यांचा रविवार संपतो आणि गावाचा सोमवार सुरू होतो.

याबद्दल आपण चिडतो आणि ते चिडणे रास्त आहे. पण चिडण्याच्या भरात आपण काय बोलतो, तेही ऐकले पाहिजे. एका बैठकीत एकाने सुचवले, की किनाऱ्याच्या रस्त्यावर फाटकच बसवावे, म्हणजे ‘असली माणसे’ येणार नाहीत. अनेकांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या, हे कबूल केले पाहिजे.

‘असली माणसे’ म्हणजे कोण? त्यातली बरीचशी दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात जण राहणारी असतात. आठवडाभर कारखान्यात, दुकानात किंवा दुसऱ्याच्या घरी राबणारी. त्यांना गोवा परवडत नाही, महाबळेश्वर परवडत नाही. लोकलचे तिकीट आणि पुढचे रिक्षाचे भाडे, एवढ्यात त्यांना परवडणारे आकाश म्हणजे आपला किनारा. किनारा आपल्यापैकी कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. फाटक बसवून आपण कोणाला बाहेर ठेवणार? दारू पिऊन काचा फोडणाऱ्याला, की आपल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दाखवायला आणलेल्या बापाला?

हा प्रश्न आमच्या मनात तसाच राहिला असता. पण २०२४ च्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी आम्ही स्वतः पाहुणे म्हणून केळव्याला गेलो.

केळवे आपल्यापासून फार लांब नाही. पश्चिम रेल्वेवर सफाळ्यानंतरचे स्थानक केळवे रोड, तिथून गाव काही किलोमीटर आत. नारळी-पोफळीच्या वाड्या, पानवेलींचे मळे, शीतलादेवीचे मंदिर आणि सुरूच्या बनापलीकडे लांबच लांब सपाट किनारा. पहाटेची मिस्सा करून आम्ही बसने निघालो आणि दहाच्या सुमारास पोहोचलो. निघतानाच बसमध्ये बजावून सांगितले होते, की कचरा टाकायचा नाही, वसईचे नाव खराब करायचे नाही. सगळ्यांनी ते पाळलेही. जेवणाच्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या सगळे आम्ही मोठ्या पिशव्यांत भरले. आपण किती शहाणे, असे वाटून आम्हाला समाधान वाटत होते.

मुलांनी मात्र क्रिकेटसाठी जागा निवडली ती किनाऱ्याच्या एका टोकाला, वाळूवर पसरलेल्या जाळ्यांच्या शेजारी. जाळ्यांवर जवळा वाळत घातला होता. चेंडू एकदा तिकडे गेला, दोनदा गेला. तिसऱ्या वेळी दोघे जण चेंडूमागे थेट जवळ्यावरून धावले. ज्यांच्या घरी सुकट होते त्यांना सांगायला नको, जवळ्यात एकदा वाळू मिसळली की तो खाणाऱ्याच्या दाताखाली करकरतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. एक म्हातारी मावशी धावत आली. ती ओरडली नाही. आमच्या बायकांची बोली तिने ऐकली असावी. ती एवढेच म्हणाली, “तुम्ही वसईची माणसं ना? तुमच्याकडं पण दर्या आहे. तुम्हाला सांगायला लागतं?”

आम्ही माफी मागितली. आमच्यातल्या एकाने पाचशेची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती घेतली, कारण तिला पैशांची गरज होती आणि नुकसानही झाले होते. आम्हाला हायसे वाटले. आम्ही बनाच्या सावलीत परत आलो आणि गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. मावशी उन्हात बसून चाळणीने जवळा चाळत राहिली.

साडेअकरा-बाराच्या सुमारास तीच मावशी पुन्हा आमच्याकडे आली. आम्हाला वाटले, आणखी पैसे मागायला आली. ती म्हणाली, “पोरांना वर घ्या. आज तृतीया. सव्वादोनला भरती भरणार. मागच्या चरात पाणी शिरलंय.”

आम्ही उठून पाहिले. आमची सात-आठ लहान मुले पुढे, वाळूच्या एका उंचवट्यावर किल्ला बांधण्यात दंग होती. त्यांच्या पायाखाली वाळू कोरडी होती. पण त्यांच्या आणि आमच्या मधल्या सखल भागात पाणी भरू लागले होते. अजून ते घोट्याएवढेच होते. दोघे-तिघे धावले आणि मुलांना हाताला धरून वर घेऊन आले. काही वाईट घडले नाही. अर्ध्या तासाने तो उंचवटा दिसेनासा झाला.

भरतीचे गणित मावशीने घड्याळ न पाहता केले होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरती पूर्ण भरण्याची वेळ साधारण कळते. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास, आणि त्याच दिवसांत उधाणही मोठे असते. आपल्या आजोबांना हे तोंडपाठ होते. त्या दिवशी बसमधल्या पन्नास जणांत एकालाही तिथी माहीत नव्हती. समुद्राकाठी जन्मलेली आम्ही माणसे समुद्राला सहलीचे ठिकाण समजून बसलो होतो.

परत येताना बसमध्ये गाणी कमी झाली. पाचशे रुपयांचा विचार मनातून जाईना. नुकसान केले तर भरपाई द्यावी, हे बरोबरच आहे. पण ती नोट आम्ही कशासाठी दिली? तिचे नुकसान भरून काढायला, की आमची अस्वस्थता मिटवायला? चाळणी घेऊन तिच्या शेजारी बसायला आमच्यापैकी कोणीही गेले नाही. नोट दिली आणि आमच्या लेखी हिशेब संपला. गिऱ्हाईक असेच वागते. ते पैसे मोजते, माल घेते, आणि दुकानदार कोण हे विसरून जाते. पाहुण्याचे तसे नसते. पाहुणा कितीही मोठी भेट घेऊन आला, तरी ज्या घरचे पाणी प्यायला त्या घराचे काही देणे त्याच्याकडे उरतेच. मावशीने आमचा हिशेब मिटलेला मानला नाही. ज्यांनी तिचा माल तुडवला, त्यांच्या मुलांवर तिची नजर होती.

आणि त्या कचऱ्याच्या पिशव्या? त्या आम्ही नीट बांधून किनाऱ्यावरच्या भरून वाहणाऱ्या पेटीशेजारी ठेवून आलो. सोमवारी सकाळी कावळ्या-कुत्र्यांनी त्यांचे काय केले असेल, हे आपल्याला कोणी सांगायला नको. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तिने काही वस्तू कमी झाल्या असतील. पण दुसऱ्याच्या गावाचा सोमवार आपला मानायला कोणताही कायदा शिकवत नाही.

शुभवर्तमानातही एक सहल आहे, असे म्हटले तर चालेल. कामाने थकलेल्या शिष्यांना येशू होडीत बसवून निवांत जागी विश्रांतीला नेतो. म्हणजे विश्रांतीची गरज त्याला मान्य आहे. त्यासाठी निघणे चुकीचे नाही. पण लोक काठाने धावत त्यांच्या आधी तिथे पोहोचतात आणि निवांतपणा संपतो. शिष्य म्हणतात, यांना परत पाठवा. येशू फाटक लावत नाही. तो त्यांना जेवू घालायला सांगतो, आणि जेवण झाल्यावर उरलेले तुकडेही गोळा केले जातात.

पाहुणा आणि यजमान यांचे नाते नीट जुळले, तर काय होते याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड तालुक्यातील वेळास. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या रक्षणाचे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन सुरू केले. आता कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लांबून लोक येतात. ते गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्या घरात जे शिजते ते जेवतात, आणि किनाऱ्यावर गाव सांगेल तसे वागतात. दोरीमागे उभे राहायचे, पिल्लांना हात लावायचा नाही. तिथून आलेला माणूस पिल्लांबद्दल तर बोलतोच, पण ज्या घरी राहिला त्या घराबद्दलही बोलतो.

सहली बंद कराव्यात, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. यंदाही जाऊ या. फक्त निघण्यापूर्वी त्या दिवसाची तिथी पाहू, आपला कचरा बसमध्ये घालून परत आणू, आणि मुलांना खेळायला सोडण्याआधी तिथल्या कोणाला तरी विचारू, की इथे खेळले तर चालेल का?

पण याहून अवघड गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांना आपण इतकी वर्षे नावे ठेवली. त्यांच्यापैकी एका तरी बापाजवळ जाऊन, “दादा, आज भरती अमुक वाजता आहे, मुलीला वर घ्या,” असे आपण कधी सांगितले आहे का? येत्या रविवारी दुपारी झोप जरा उशिरा घेऊ आणि किनाऱ्यावर एक फेरी मारू. तिथी पाहून जाऊ.