‘आज नाही उडायचं’ म्हणणारा माणूस

हे वाचायला घाई नको. जिथे बसला असाल तिथेच बसा. कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेच्या काठी, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर किंवा घरच्या ओसरीवर. खांदे सैल सोडा. डोक्यावरून विमान गेलं तर नजर वर जाईलच, जाऊ द्या. मग ती हळूहळू खाली आणा. विमान वर जाण्याआधी जी माणसं त्याच्याभोवती वावरतात, त्यांच्यापाशी आज आपल्याला थोडा वेळ थांबायचं आहे.

भंडाऱ्यात लढाऊ विमानांचा तळ नाही. तरी आकाशाशी आपलं नातं आहे. नागपूरच्या वाटेवर जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. कित्येक घरांतला कर्ता माणूस तिथे पाळीला जातो. त्याच रस्त्याने पुढे गेलं की नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय लागतं. देशभरातल्या लष्करी विमानांची मोठी दुरुस्ती आणि देखभाल हे त्या कमांडचं काम. आणि १९९९पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियाकडे बिरसीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. तिथे पोरं विमान चालवायला शिकतात. दारूगोळा, देखभाल आणि नवशिका वैमानिक ही तिन्ही आपल्या शेजारची आहेत.

आता एक विमान मनात आणा. मिग-२१. १९६३ साली ते हवाई दलात आलं. पुढे नाशिकजवळ ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या कारखान्यात बनू लागलं. मराठी कामगारांच्या हातांखालून शेकडो मिग गेली. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो याच विमानांनी, आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने राजीनामा दिला. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये त्याला निरोप मिळाला. बासष्ट वर्षांची चाकरी.

याच विमानाला लोकांनी ‘उडती शवपेटी’ही म्हटलं. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत हिशेब दिला होता. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हा आकडा सगळ्या मिग विमानांचा, एकट्या मिग-२१चा नव्हे. ढाका आणि हा आकडा, दोन्ही एकाच वेळी मनात राहू द्या. एकाने दुसऱ्याला पुसायची गरज नाही. अभिमान खरा आहे आणि हळहळही खरी आहे.

मग मन विचारतं, विमान जुनं होतं म्हणून पडलं का? या प्रश्नापाशी जरा रेंगाळू. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. मठारकाम करणाऱ्याला ठाऊक असतं की पितळेवर ठोके पडत गेले की ते कडक होतं, आणि तसंच ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. म्हणून तो मधेच थांबतो, भांडं भट्टीत तापवतो आणि मग पुढचा ठोका घालतो. विमानाच्या पंखावरही प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक वळणावर ताण येतो आणि जातो. त्याला भट्टीत घालता येत नाही. म्हणून त्याचं वय वर्षांत मोजून भागत नाही. उड्डाणाचे तास आणि उतरण्याच्या खेपाही मोजाव्या लागतात, चिरा शोधाव्या लागतात, भाग ठरल्या वेळी बदलावे लागतात. मोजणारा प्रामाणिक असेल आणि सुटा भाग वेळेवर मिळत असेल, तर जुनं विमानही भरवशाचं राहतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि तिथून येणाऱ्या सुट्या भागांची ओढाताण झाली, तेव्हा हा भरवसाच पातळ झाला.

उलट बाजूही बघा. ४ जून २०२४ला निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई-३० कोसळलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडले आणि वाचले. २१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. ही दोन्ही विमानं मिग-२१च्या पिढीतली नव्हेत. तेव्हा सगळा दोष वयाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

आता विमान बाजूला ठेवा आणि त्यातल्या पोराकडे बघा. मिग-२१ ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकायचं. त्याआधी हे पोर शिकलेलं असायचं किरणसारख्या संथ विमानावर. मधली पायरीच नव्हती. ती हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं एका समितीने १९८२ मध्ये सांगितलं. तशा हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. ती बिदरच्या तळावर रुजू झाली २००८ मध्ये. १९८२ ते २००८. हे अंतर मनात एकदा चालून बघा. या काळात किती तुकड्या शिकून बाहेर पडल्या असतील, किती आयांनी पोराच्या गणवेशाला इस्त्री केली असेल. चौकशीच्या अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असं लिहिलं जातं, तेव्हा ती चूक त्या क्षणी कॉकपिटमध्ये सुरू झालेली असते की वीस वर्षांपूर्वी एखाद्या टेबलावर पडून राहिलेल्या फायलीत?

हा प्रश्न पुण्याच्या एका घराने विचारला. १७ सप्टेंबर २००१ला सुरतगडजवळ रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. चूक त्यांचीच, हे आई-वडिलांना पटलं नाही. कविता आणि अनिल गाडगीळ यांनी पत्रं लिहिली, जाहीरपणे प्रश्न विचारले. मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. पुण्यात सिम्युलेटर बसवून उड्डाणाचं शिक्षण सुरू केलं, म्हणजे नवशिक्याची चूक जमिनीवरच होऊन जावी. त्यांच्या दुःखाला शब्द शोधत बसू नका. दुःखातून त्यांनी काय उभं केलं, तेवढंच क्षणभर पाहा.

आता कल्पनेनेच हँगरमध्ये जाऊ. पहाट आहे. विमानाच्या पोटाखाली एक तंत्रज्ञ आडवा पडून काम करतोय. शेजारी हत्यारांची पेटी आहे; तीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कोरलेली. काम संपलं की पाना आपल्या खाचेत परत जातो. जागोजागी लाल फिती लोंबताहेत. पिना काढल्याशिवाय उडू नका, असं त्या सांगतात. कॉकपिटमधल्या खुर्चीखाली स्फोटक काडतुसं आहेत. संकटात वैमानिकाने हँडल ओढलं की ती खुर्चीला क्षणात विमानाबाहेर फेकतात. कण्याला इजा होऊ शकते, पण जीव वाचतो. या काडतुसांनाही मुदत असते. मुदत संपली की ती बदलायची; वापरली गेली नसली तरी. शेवटी वैमानिक येतो, विमानाभोवती फिरतो, फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंद, वाचतो आणि सही करतो. त्या सहीवर एका माणसाने दुसऱ्यावर टाकलेला अख्खा विश्वास असतो.

समजा, पेटीतली एक खाच रिकामी दिसली. दहा मिलिमीटरचा पाना सापडत नाही. विमानातच राहिला असेल, तर एखाद्या दांड्यात अडकून कुणाचा तरी जीव घेईल. उड्डाणाची वेळ झाली आहे, साहेब घड्याळाकडे बघताहेत. तंत्रज्ञ म्हणतो, “सर, आज नाही उडायचं.”

इथे थांबा. तीन-चार श्वास इथेच घ्या.

या वाक्याला पदक मिळत नाही. पाना शेवटी पेटीच्याच कोपऱ्यात सापडला तर चार जण हसतीलही. न पडलेल्या विमानाची बातमी होत नाही. पण जुन्या-नव्या, रशियन-देशी सगळ्या विमानांची सुरक्षा या एका वाक्यावर उभी असते. ते म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते की बोलणी बसतात, यावर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तोंड उघडेल की नाही ते ठरतं. आणि समित्या, मंत्रालयं हीसुद्धा असंच एक वाक्य ऐकून घेतात किंवा पंचवीस वर्षं बाजूला ठेवतात.

भंडाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ला सकाळी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्यांचा जीव वैमानिकाच्या जिवाइतकाच देशाच्या कामी लागलेला होता, फक्त त्यांच्या अंगावर निळा गणवेश नव्हता. त्यांची आठवण काढा. त्यांच्याबरोबर ८ मे २०२३ला राजस्थानात हनुमानगडजवळ घरावर मिग कोसळून गेलेल्या तीन बायकांचीही काढा. त्या तर फक्त आपल्या घरी होत्या.

उठण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. पुढच्या वेळी मोबाइलवर अपघाताची बातमी येईल. ‘भंगार विमान’ किंवा ‘पोराने घोळ केला’ असं लगेच पुढे पाठवू नका. आधी विचारा: त्याला शिकायला पुरेसं मिळालं होतं का? सुटा भाग वेळेवर आला होता का? कुणी ‘नको’ म्हटलं होतं का, आणि म्हटलं असेल तर ते कुणी ऐकलं? चौकशीचा अहवाल येईपर्यंत हे प्रश्न जिवंत ठेवणं, एवढं नागरिकाच्या हातात असतं.

आणि आपल्या हाताखाली कुणी काम करत असेल, राइस मिलमध्ये, दवाखान्यात, शाळेच्या बसवर, तर उद्या तो अडखळत म्हणेल, “भाऊ, आज हे चालवू नये असं वाटतं.” तेव्हा घड्याळाकडे बघू नका. काम थांबवा, त्याच्याबरोबर जाऊन बघा, आणि काही सापडलं नाही तरी सगळ्यांदेखत त्याला म्हणा, “बरं केलंस सांगितलंस.”