सुताराचं म्हणणं

एक सुतार होता. दारं, चौकटी, देव्हारे करायचा. त्याने बसवलेल्या सांध्यात कागद शिरत नसे. पुढे त्याला मनाचा आजार जडला. रात्र रात्र झोप नाही, तोंड मिटत नाही. थोरल्या बहिणीने त्याला शहरातल्या मानसोपचार तज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या. महिना-दीड महिन्यात मन थाऱ्यावर आलं.

उन्हाळा लागला. एक दिवस सुतार डॉक्टरांना म्हणाला, “हात थरथरतात. रेघ सरळ येत नाही.” डॉक्टर म्हणाले, “आजारच तसा आहे.” पुढच्या खेपेला त्याने ओकाऱ्या सांगितल्या, चालताना तोल जातो म्हणून सांगितलं. डॉक्टर बहिणीकडे वळले. “यांचं बोलणं फार मनावर घेऊ नका,” म्हणाले, आणि गोळी वाढवली.

रक्त तपासायला त्यांनी एकदाही सांगितलं नाही. लिथियमची गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर थोडं असतं, म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण वेळोवेळी मोजावं लागतं. घाम जाऊन अंगातलं पाणी आटलं, तरी ते चढतं. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी रंधा मारता मारता सुतार कोसळला. सरकारी रुग्णालयात रक्त तपासलं, तेव्हा लिथियम फार वाढलेलं निघालं. तो वाचला, पण हाताचा कंप गेला नाही. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “औषध वाईट नाही. त्याने कितीतरी माणसं सावरलीत. पण ते मोजून द्यावं लागतं.”

बहीण एका वकिलाकडे गेली. सुतार समोर बसलेला असताना वकील तिला म्हणाले, “अशा माणसाच्या शब्दावर केस उभी राहत नाही.” दोघं मुकाट्याने परतली.

मग कुणीतरी कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवली. मानसिक आजार असलेल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो. तो त्याचा हक्कच आहे. तिथल्या वकीलबाईंनी बहिणीला जरा थांबायला सांगितलं आणि खुर्ची सुताराकडे वळवली. “काय झालं, तुम्ही सांगा.” त्याला वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही.

“आधी तुमची फाइल मागू,” त्या म्हणाल्या. दवाखान्यातून उत्तर आलं, पेशंटला फाइल देत नाही. बाईंनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 25 लिहून रीतसर अर्ज धाडला. आपल्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा रुग्णाचा हक्क त्यात आहे. फाइल आली.

फाइलमध्ये डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हात थरथरतात असं म्हणतो. पुढच्या पानावर: तोल जातो असं म्हणतो. त्याखाली वाढवलेली गोळी.

दोन वर्षांची मुदत सरायच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. दुसऱ्या मानसोपचार तज्ज्ञाने रक्ततपासणीबद्दल लेखी मत दिलं. समोरचे वकील म्हणाले, रुग्णाच्या आठवणीवर विसंबता येणार नाही. वकीलबाईंनी आठवणीचा विषयच काढला नाही. डॉक्टरांची पानं तारखांसह वाचून दाखवली. तारखांवर तारखा पडल्या. अखेर भरपाईचा हुकूम झाला.

मन आजारी पडलं, म्हणून माणसाचं सगळंच बोलणं आजारी होत नाही. आपल्या हाताचा कंप त्याच्या आधी दुसऱ्या कुणाला कळणार? डॉक्टरांनी त्याचे शब्द उतरवून घेतले होते, फक्त खरे मानले नव्हते. आणि ते शब्द तपासून पाहायला रक्ताची एक तपासणी पुरली असती.

सुताराला आता देव्हाऱ्याची नक्षी जमत नाही. तो भाच्याला शिकवतो, मापं स्वतः काढून देतो. उपचार त्याने सोडले नाहीत. डॉक्टर दुसरे आहेत, औषधही दुसरं आहे. गेल्या खेपेला तो म्हणाला, “सकाळी डोकं जड असतं.” डॉक्टरांनी केव्हापासून ते विचारलं, गोळीची वेळ बदलली आणि आठ दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं.