बाटलींतलें जहाज

उघड खोटें बोलणें हें पाप आहे, हें आमच्या मंडळ्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तोंडांतून एकही खोटा शब्द न काढितां, केवळ गप्प राहून, दुसऱ्याच्या मनांत चुकीची समजूत राहूं दिली, तर तो असत्याचा दोष होतो कीं नाहीं, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. दुकानदार, शिक्षक, पाळक, आईबाप, या सर्वांस तो वारंवार पडतो. मात्र पडला आहे हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. माझ्या ध्यानांत तो एका कांचेच्या बाटलीमुळें आला.

आमच्या मंडळींत एक वृद्ध बंधु आहेत. ऐन उमेदीचीं वर्षें त्यांनीं मालाच्या बोटींवर खलाशी म्हणून काढिलीं. एके रविवारीं मुलांस पाहावयास म्हणून त्यांनीं एक बाटली आणून शब्बाथ शाळेच्या टेबलावर आडवी ठेविली. आंत तीन डोलकाठ्यांचें शिडाचें जहाज, खालीं निळा समुद्र, वर शिडें फुगलेलीं. बाटलीची मान इतकी अरुंद कीं, आंगठाही तींतून कष्टानें जावा. आणि डोलकाठ्या तर त्या मानेच्या तिप्पट उंच! गलबला करणारीं मुलें एकदम चूप झालीं. मग आठ वर्षांच्या एका मुलीनें विचारिलें, "गुरुजी, हें आंत गेलें कसें?" मी तोंड उघडण्यापूर्वींच मागच्या बांकावरील एक मुलगा म्हणाला, "देवानें घातलें. दुसऱ्या कोणाच्यानें हें होईल?" त्या दिवशींचा आमचा धडा तांबड्या समुद्राचा होता.

मी हंसलों, आणि कांहीं बोललों नाहीं. उत्तर गोड होतें, धड्याशीं जुळत होतें, आणि उपासनेची घंटा व्हावयास पांच मिनिटेंच उरलीं होतीं.

आतां हें जहाज आंत जातें कसें, तें प्रथम सांगतों. नाहीं तर या लेखांतही माझ्याकडून तोच दोष घडेल. जहाज आंत बांधीत नाहींत. तें बाहेर, मांडीवर बसवून, पुरें बांधितात. लाकडाचें धड बाटलीच्या मानेंतून जाईल एवढेंच रुंद व जाड कोरावयाचें. प्रत्येक डोलकाठीच्या बुडाशीं बारीक तारेची बिजागरी असते, म्हणून ती काठी मागें निजवितां येते. काठ्यांच्या शेंड्यांस दोरे बांधून ते पुढच्या नाळेंतील छिद्रांतून ओवून लांब सोडितात. शिडें कागदाचीं असून एकाच कडेस चिकटविलेलीं असतात, म्हणजे तीं सहज गुंडाळलीं जातात. इकडे बाटलींत निळा रंग मिसळलेलें लुकण वांकड्या तारेनें दाबून बसवावयाचें, तो समुद्र. मग काठ्या निजवून जहाज पाठीमागच्या बाजूनें हळूच आंत सारावयाचें, समुद्रावर टेकवावयाचें, आणि बाहेर लोंबत असलेले दोरे ओढावयाचे. दोरा ताणला कीं निजलेली काठी उभी राहते, तिच्याबरोबर शीडही उघडतें. नाळेपाशीं सरसाचा एक थेंब, तो वाळला कीं लांब तारेस बांधलेल्या वस्तऱ्याच्या तुकड्यानें उरलेला दोरा कापणें, आणि वर बूच व लाख. इतकेंच. परंतु हें "इतकेंच" करावयास त्या बंधूंस एक सबंध पावसाळा लागला होता, आणि दोन जहाजें मोडलीं होतीं.

ही कला नवी नव्हे. जर्मनींतील ल्यूबेक शहराच्या संग्रहालयांत १७८४ सालचें असें एक जहाज आहे. तें जोव्हान्नी बिओंडो नांवाच्या कारागिराचें. पुढें एकोणिसाव्या शतकांत स्वच्छ कांचेच्या बाटल्या स्वस्त झाल्या आणि लांबच्या सफरींत खलाशांस हा छंद लागला. ज्या शिडाच्या जहाजांच्या काळांत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्या काळचीं तीं जहाजें आतां समुद्रावर क्वचितच दिसतात, बाटल्यांत मात्र पुष्कळ आहेत. परंतु जहाजाच्याही पूर्वीं मध्य यूरोपांत लोक बाटलींत इतर देखावे बसवीत. कोणी खाणींत खपणारे मजूर बसवी, तर कोणी प्रभूचा वधस्तंभ आणि त्याभोंवतीं शिडी, हातोडा व खिळे.

त्या जुन्या कारागिरांपैकीं एकाचें चरित्र माझ्या मनांत फार घोळत राहिलें. मातियास बुखिंगर हा १६७४ सालीं जर्मनींतील आन्सबाख येथें जन्मला. त्यास जन्मतःच हाताचे पंजे नव्हते आणि पायही नव्हते; उंची अडीच फुटांहून कमी. असा मनुष्य बाटलींत खाणीचा बारीक देखावा उभा करी! त्यानें १७२४ सालीं स्वतःचें एक चित्र काढिलें. त्यांतील केसांचीं वळणें भिंगांतून पाहिलीं तर तीं साध्या रेघा नसून अक्षरें आहेत असें दिसतें. सात स्तोत्रें आणि प्रभूची प्रार्थना त्यानें त्या केसांत लिहून ठेविली आहे. आणि हाच मनुष्य गांवोगांव फिरून पेला व गोळ्यांची हातचलाखी दाखवून पैसे मिळवी. एकाच माणसाच्या ठायीं स्तोत्रें आणि हातचलाखी! तो लोकांस फसवीत होता काय?

मला वाटतें, नाहीं. पेल्याखालची गोळी नाहींशी झाली तेव्हां पाहणाऱ्यास हें पक्कें ठाऊक असे कीं, ती कोठें तरी गेली आहे, आपली नजर मात्र चुकली. खेळ करणारा व पाहणारा या दोघांमध्यें तसा करार असतो. त्या करारांत लपविणें हें असत्य नव्हे. बाटली आणणाऱ्या बंधूंचें म्हणणेंही असेंच होतें. ते म्हणाले, "गुरुजी, कोडें सांगून टाकलें तर पोरांनीं डोकें कशाला चालवायचें?" हें म्हणणें मी हलकें मानीत नाहीं. प्रभूनेंही पुष्कळ गोष्टी दाखल्यांत गुंडाळून सांगितल्या, आणि लोकसमुदाय त्यांचा अर्थ शोधीत घरीं गेला. परंतु शिष्यांनीं एकांतीं येऊन विचारिलें तेव्हां त्यानें अर्थ सांगितला, हें विसरतां येत नाहीं.

माझ्या वर्गांत एकीनें विचारिलें होतें. आणि मागच्या बांकावरील मुलानें तर कोणताच करार केलेला नव्हता. त्याला खेळ चालला आहे हें ठाऊकच नव्हतें. त्यानें त्या बाटलीवर आपल्या देवाचें नांव लिहिलें, आणि मी, ज्याला दोरा ठाऊक होता, त्यास तें लिहूं दिलें.

कोणी म्हणेल, त्यांत बिघडलें काय? मुलाचा विश्वास वाढलाच ना? हीच शंका मला सर्वांत जड गेली, कारण तिच्यांत भक्तीचा सुगंध आहे. परंतु तो मुलगा बारा वर्षांचा होईल, एखाद्या जत्रेंत किंवा पुस्तकांत त्यास ती बिजागरी दिसेल, आणि मग तो तांबडा समुद्र व ती बाटली एकाच फळीवर ठेवील. त्या वेळीं त्यास समजावण्यास मी तेथें असेनच असें नाहीं. शिवाय आमच्या खेड्यांत रिकाम्या मुठींतून अंगारा काढून दाखविणारे फिरत असतात. त्यांच्यावर आम्ही चावडीपुढें टीका करितों. ज्या तोंडानें त्यांस ठक म्हटलें, तेंच तोंड टेबलापाशीं सोयीस्करपणें मिटावें, हें मला रात्रीं अंथरुणावर बोचूं लागलें. आणि खरें सांगावयाचें तर मी गप्प राहिलों तो केवळ घंटेमुळें नव्हे. वर्गांत एकट्या मलाच गुपित ठाऊक आहे, या जाणिवेंत एक प्रकारची गोडी होती.

मी त्या बंधूंकडे गेलों. सर्व हकीकत ऐकून ते थोडा वेळ बोलले नाहींत. गुपित त्यांचें होतें, माझें नव्हे. मग कोनाड्यांतून एक रिकामी बाटली व एक अर्धवट जहाज काढून त्यांनीं माझ्या हवालीं केलें, आणि स्वतःही यावयाचें कबूल केलें.

पुढच्या रविवारीं मुलांपुढें मीं प्रथम माझी चूक सांगितली. मुलांस ती फारशी चूक वाटली नाहीं असें दिसलें. त्यांचें सारें लक्ष बाटलीकडे. बंधूंनीं जहाज निजवून आंत सारिलें आणि दोरा त्या मागच्या बांकावरील मुलाच्या हातीं दिला. त्यानें ओढला. दोन काठ्या उभ्या राहिल्या, तिसरी मध्येंच अडकून तिरपी राहिली, आणि सर्व वर्ग ओरडला. पहिल्या रविवारीं मुलें चूप झालीं होतीं, या खेपेस कोणी चूप बसेना. ती मुलगी लुकणाविषयींच दहा प्रश्न विचारीत होती.

मुलगा मात्र दोरा हातांत धरून पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मग तांबड्या समुद्राचा दोरा कोणी ओढला?"

मीं त्यास सांगितलें कीं, तो देवानें दुभंगला असें मी मानितों, मनापासून मानितों. पण हा दोरा जसा तुझ्या हातांत देतां आला, तसा तो मला देतां येत नाहीं. त्यानें मान हलविली. तें त्यास पटलें किंवा नाहीं, तें मला अजून कळलेलें नाहीं. मग तिरपी राहिलेली काठी सरळ करण्यास पुन्हां एकदां ओढूं काय, असें त्यानें बंधूंस विचारिलें.