आधी कणव, मग समाधान

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर थॉमस हॉब्जने एका म्हाताऱ्या, आजारी भिकाऱ्याला सहा पेन्स दिले. जॉन ऑब्रीने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ही हकिगत आहे. सोबतच्या धर्मोपदेशकाने विचारले, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी तुम्ही दिले असतेत का? हॉब्ज हो म्हणाला. म्हाताऱ्याची दशा पाहून त्याला स्वतःलाच क्लेश होत होते. भीक दिल्याने म्हाताऱ्याला आराम पडला आणि त्यालाही. माणूस स्वेच्छेने जे करतो ते स्वतःच्या भल्यासाठीच करतो, असे ‘लेव्हायथन’ या १६५१ सालच्या ग्रंथात सांगणाऱ्या माणसाला शोभेल असेच हे उत्तर होते.

स्वार्थवाद्यांचा हा हुकमी युक्तिवाद आजही जसाच्या तसा ऐकू येतो. रक्तदान केलेस ना, मग बरे वाटले की नाही? वाटले. म्हणजे स्वतःसाठीच केलेस. कोणतेही उदाहरण पुढे करा, त्यात कुठेतरी समाधान सापडतेच, आणि वाद तिथेच संपल्यासारखा वाटतो. मला हा युक्तिवाद नुसता चुकीचा नाही, घातकही वाटतो. तो एकदा मनात शिरला की चांगल्या माणसाकडे पाहताना आधी त्याचा छुपा फायदा शोधायची सवय लागते.

त्याला पहिले खणखणीत उत्तर जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने दिले. त्याची प्रवचने १७२६ मध्ये प्रसिद्ध झाली. जेवणाने तृप्ती मिळते, कारण आधी भूक असते आणि ती अन्नाची असते; तृप्तीची भूक अशी वेगळी काही नसते. दुसऱ्याचे भले झाल्याने मला समाधान मिळते, ते याच कारणाने. त्याचे भले व्हावे ही ओढ माझ्यात आधी होती म्हणून. ज्याला त्या म्हाताऱ्याचे काहीच वाटत नाही, त्याला त्याचे दुःख पाहून क्लेश होणार नाहीत आणि सहा पेन्स देऊन आरामही पडणार नाही. हॉब्जचे उत्तर त्याच्या सिद्धांतापेक्षा त्याच्या कनवाळूपणाचीच साक्ष जास्त देते.

बटलरने आणखी एक गोष्ट दाखवली. सूडाने पेटलेला माणूस स्वतःचे वाटोळे करून घेऊन दुसऱ्याला बुडवतो. स्वार्थ हीच एकमेव प्रेरणा असती तर असे घडलेच नसते. वामन पंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीच्या नीतिशतकात हाच पेच आहे. स्वार्थ सोडून परहित करणारे, स्वार्थ सांभाळून परहित करणारे, स्वार्थासाठी दुसऱ्याचा घात करणारे, अशा तीन प्रकारच्या माणसांना भर्तृहरी नावे देतो. विनाकारण दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या चौथ्याला काय म्हणावे ते त्याला कळत नाही. माणूस लाभावाचून दुष्टपणा करू शकतो हे आपण सहज मान्य करतो. लाभावाचून चांगुलपणा म्हटला की मात्र पुरावा मागतो.

मराठीत या वादाची खरी मांडणी झाली ती मंडालेच्या तुरुंगात. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी तिथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये छापून आले. त्यातल्या ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात हॉब्ज भेटतो, त्याला ह्यूमने दिलेले उत्तर भेटते, आणि मग टिळक एकदम बृहदारण्यक उपनिषदाकडे वळतात. तिथे घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य आपली पत्नी मैत्रेयी हिला सांगतो की पती पतीसाठी प्रिय नसतो, पुत्र पुत्रांसाठी प्रिय नसतात. सारे काही आत्म्यासाठी प्रिय असते. वरवर पाहता हा हॉब्जच. पण हॉब्ज इथे थांबून म्हणतो, म्हणून सगळे स्वार्थी. याज्ञवल्क्य पुढे विचारतो, हा ‘आपण’ म्हणजे कोण? तो ओळखायला सांगतो, आणि ओळख पटली की आपला-परका ही भिंतच राहत नाही. आधार तोच, निष्कर्ष दोन टोकांचे. टिळकांनी हा फरक तुरुंगाच्या कोठडीत बसून इतक्या नेमकेपणाने पकडला, याचे मला प्रत्येक वाचनात नवल वाटते.

विसाव्या शतकात हा वाद जीवशास्त्रात शिरला. डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने १९६४ मध्ये गणिताने दाखवले की नातेवाइकांसाठी केलेला त्याग उत्क्रांतीत टिकू शकतो: नात्याच्या प्रमाणात मोजलेला लाभ खर्चापेक्षा जास्त असला की झाले. मग १९७६ मध्ये डॉकिन्सचे ‘द सेल्फिश जीन’ आले आणि अनेकांनी त्यातून हॉब्जच खरा ठरल्याचा अर्थ काढला. तो अर्थ चुकीचा आहे. जनुकाचा हिशेब आईच्या मनात नसतो. तापलेल्या बाळाजवळ रात्रभर जागणारी आई आपल्या जनुकांच्या प्रतींची बेरीज करत नाही. तिला बाळ बरे व्हायला हवे असते. ती ओढ कशी घडली हा एक प्रश्न, ती कशाची आहे हा दुसरा.

हे दोन प्रश्न एक झाले की काय होते, ते जॉर्ज प्राइसच्या आयुष्यात दिसते. हा अमेरिकी रसायनतज्ज्ञ १९६७ मध्ये लंडनला आला, हॅमिल्टनच्या गणिताने झपाटला आणि १९७० मध्ये त्याने निवडीचे ते समीकरण प्रसिद्ध केले, जे आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. पुढे दारूच्या आहारी गेलेल्या बेघर लोकांना तो पैसे, कपडे, घराचा आसराही देत गेला, इतका की शेवटी स्वतःच बेघर झाला. १९७५ च्या जानेवारीत त्याने आत्महत्या केली. आपले सूत्र आपल्या जगण्याने खोटे पाडायचा तो प्रयत्न होता, असे त्याच्याविषयी बरेचदा लिहिले जाते. मला त्याच्या औदार्याबद्दल शंका नाही. पण आपला त्याग पुरेसा शुद्ध आहे का हे सतत तपासत राहिलेल्या माणसाची नजर समोरच्या बेघरावरून पुन्हा स्वतःवरच येते, आणि तिथे कुणालाच पूर्ण समाधान मिळत नाही.

माणूस मदत करतो ती स्वतःसाठीच का, हे प्रयोगशाळेतही तपासून झाले. डॅनियल बॅटसनच्या १९८१ च्या प्रयोगात सहभागी लोकांना एका तरुणीला विजेचे धक्के बसत असल्याचे दाखवले गेले. धक्के खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. दृश्य टाळून निघून जाणे सोपे असतानाही ज्यांना तिच्याविषयी कळवळा वाटला, त्यांच्यातले बहुतेक तिच्या जागी बसायला तयार झाले. स्वतःचे क्लेश टाळण्यापुरतेच पाहायचे असते तर दार उघडे होते. हॉब्जच्या उत्तराची ही थेट कसोटी होती. यावर रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आक्षेप घेतला: कळवळ्यात आपण आणि समोरचा यांत एकपणा वाटू लागतो, त्याच्यात आपण स्वतःलाच पाहतो, मग याला निःस्वार्थ कसे म्हणावे? वाचताना मी थबकलो. हे तर मैत्रेयीला सांगितलेलेच, फक्त याज्ञवल्क्याने ज्याला ज्ञान मानले त्यात इथे स्वार्थ दिसतो आहे. टिळक असते तर त्यांनी हा लेखही आपल्या त्या प्रकरणात घेतला असता.

तत्त्वज्ञांपेक्षा या प्रश्नाला जास्त प्रामाणिकपणे सामोरे गेलेला माणूस मला आपल्याकडे दिसतो, तो बाबा आमटे. पावसात गटाराजवळ पडलेल्या, कुष्ठरोगाने सडलेल्या तुळशीरामला पाहून ते भीतीने पळाले होते. ते परत आले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याची सेवा केली. कुष्ठकार्य आपण कुणाला मदत करायला नाही, तर स्वतःतली भीती मारायला सुरू केले, असे ते उघड सांगत. हॉब्जच्या अनुयायाला याहून चांगली कबुली मिळणार नाही.

पण पुढे पाहा. ते कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचे उपचार शिकले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, वरोऱ्याच्या माळावर आनंदवन उभे राहिले. लशीच्या संशोधनासाठी त्यांनी कुष्ठाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. भीती तर तुळशीरामजवळ बसल्यावरच गेली असणार. मग उरलेली वर्षे कशाची? ज्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी विहिरी खणल्या, शेती केली, संसार थाटले, तिथे बाबांच्या भीतीचा संबंध फार लवकर संपला होता. सुरुवातीचा हेतू कामाला लावून निघून जातो, आणि पुढे काम ज्यांचे असते त्यांचेच होऊन बसते. बाबांनी हे केले कुणासाठी, या प्रश्नाला १९४९ चे उत्तर आणि वीस वर्षांनंतरचे उत्तर एकच असायला हवे, असा हट्ट हॉब्जच्या बाजूने कुणी का धरावा, ते मला समजत नाही.