क्रम आणि वांटणी

फर्लो हा शब्द मराठी माणसास अगदींच अपरिचित नाहीं. विलायतेस रजेवर जाणाऱ्या गोऱ्या अंमलदारांबरोबर तो आपल्याकडे आला, आणि साहेब गेल्यावर तो तुरुंगांत शिल्लक राहिला; शिक्षेच्या मुदतींत कैद्यास घरीं जाण्यासाठीं जी संचित रजा मिळते तिला आजही फर्लोच म्हणतात. अमेरिकेंतील विमानकंपन्यांत हाच शब्द तिसऱ्या अर्थानें चालतो. तेथें वैमानिकास फर्लोवर पाठविलें म्हणजे त्याचें नांव यादींत राहतें, पगार मात्र थांबतो. गरज लागली म्हणजे परत बोलावूं असें आश्वासन असतें. केव्हां बोलावूं, हें त्या आश्वासनांत नसतें. एका शब्दानें अंमलदाराची चैन, कैद्याची सुटका आणि निरपराध माणसाची बेकारी दाखवावी ही भाषेची लहर म्हणून सोडून देऊं. आमचा प्रश्न न्यायाचा आहे. भाकरी अपुरी पडली म्हणजे ताटावरून कोणास उठवावें?

अमेरिकेंतील वैमानिकांनीं व त्यांच्या संघटनांनीं या प्रश्नाचें एक सरळ उत्तर ठरवून ठेविलें आहे. ज्या दिवशीं वैमानिक नोकरीस लागला त्या दिवसावरून त्याचा यादींतील क्रमांक ठरतो. कोणतें विमान चालवावें, कोणत्या गांवीं मुक्काम असावा, दिवाळीसारखा त्यांचा नाताळ घरीं साजरा व्हावा कीं आकाशांत, हें सर्व त्या क्रमांकावर अवलंबून. काम कमी झालें कीं यादी खालून कापीत येतात. काम वाढलें कीं, कापलेल्यांपैकीं वरचा आधीं परत घेतात. यांत गुण पाहत नाहींत, गरज पाहत नाहींत, घरीं मुलें किती तेंही पाहत नाहींत.

हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस प्रथम रागच येईल. आळशी ज्येष्ठानें रहावें आणि हुशार कनिष्ठानें जावें, हा कोठला न्याय? पण क्षणभर विचार केला म्हणजे या आंधळेपणाचें मर्म ध्यानांत येतें. आपण ज्याला गुण म्हणतों तो मोजणार कोण? वरिष्ठच. आणि वरिष्ठाच्या मर्जीवर ज्याची भाकरी अवलंबून आहे, तो कप्तान हिमवर्षावाच्या रात्रीं ‘आज विमान उडणार नाहीं’ असें छातीठोकपणें म्हणेल काय? कंपनीचें नुकसान करणारा त्याचा नकार हाच कित्येकदां त्याचा सर्वांत मोठा गुण असतो, आणि तोच गुण वरिष्ठाच्या वहींत दोष म्हणून लिहिला जाण्याचा संभव असतो. यादी वशिला ओळखीत नाहीं तशी नाराजीही ओळखीत नाहीं. मागच्या आसनावर निश्चिंत झोपलेल्या प्रवाशाची झोंप थोडीबहुत या यादीच्या आधारावर उभी आहे, असें म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं.

तथापि क्रम निष्पक्षपाती आहे एवढ्यानें तो न्याय्य ठरत नाहीं. यादीच्या तळाशीं कोण असतो तें पहा. २००९ च्या फेब्रुवारींत बफेलो शहराजवळ एक प्रादेशिक विमान कोसळून ५० माणसें मेलीं. त्यानंतर २०१० सालीं कायदा झाला, आणि २०१३ पासून सहवैमानिकाससुद्धां सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक झाला. (त्या विमानाच्या दोन्ही चालकांचा अनुभव १५०० तासांहून अधिकच होता, हें येथें जातां जातां सांगितलें पाहिजे, लोकक्षोभांतून निघालेला कायदा नेहमीं नेमक्या जागींच लागतो असें नाहीं.) तेवढे तास भरावयाचे म्हणजे कर्ज काढावयाचें, नंतर नवशिक्यांस शिकवीत अल्प वेतनावर वर्षें घालवावयाचीं. असा तरुण शेवटीं एकदां प्रादेशिक कंपनीच्या यादीच्या तळाशीं चढतो, आणि मंदीचा पहिला घाव त्याच्यावरच पडतो. शिवाय त्याची विद्या पेटींत बंद करून ठेवतां येत नाहीं. ९० दिवसांत तीन उड्डाणें व तीन अवतरणें झालीं नाहींत, तर पुन्हां सराव दाखविल्यावांचून त्यास प्रवासी नेण्याची मुभा नाहीं. सुतार घरीं बसला तर त्याचा पटाशीवरचा हात एकाएकीं परका होत नाहीं. वैमानिकाचा हात कायद्याच्या दृष्टीनें तीन महिन्यांत परका होतो.

मग दुसरा मार्ग कोणता? आपल्याकडे एक तीळ सात जणांनीं वांटून खाण्याची गोष्ट सांगतात. २०२० च्या साथींत ही गोष्ट कांहीं ठिकाणीं खरी करून दाखविण्यांत आली. त्या वर्षीं सरकारनें पगारासाठीं कंपन्यांस जें साहाय्य दिलें त्याची मुदत ३० सप्टेंबरला संपली, आणि दुसऱ्याच दिवशीं दोन मोठ्या कंपन्यांनीं मिळून ३२ हजारांहून अधिक नोकरांस फर्लोवर धाडण्यास आरंभ केला. त्यांपैकीं युनायटेड कंपनींतील सुमारें २,८५० वैमानिकांवर हीच पाळी यावयाची होती. परंतु तेथील वैमानिकांनीं मत देऊन ठरविलें कीं, सर्वांनीं थोडे तास कमी उडावें, थोडा पगार कमी घ्यावा, पण कोणास घरीं पाठवूं नये. ठराव एकमतानें झाला नाहीं, बहुमतानें झाला, आणि आम्हांस त्यांत नवल वाटत नाहीं. ज्यानें वीस वर्षांपूर्वीं स्वतः तळाशीं राहून मार खाल्ला, त्यास आपल्या क्रमांकाचें फळ हातीं आल्यावर तें वांटून देण्यास सांगणें सोपें नाहीं. त्याचा युक्तिवाद स्वार्थी आहे, पण खोटा नाहीं. यादी हा त्यानें केलेला विश्वास होता. तरीही आमचा कौल वांटणीकडे आहे. कारण ज्येष्ठाचें जें कमी होतें तें उत्पन्न, आणि कनिष्ठाचें जें जातें तें त्याचें काम. हे दोन तोटे एका तराजूंत घालून तोलण्यासारखे नाहींत.

पण वांटावयास तीळ तरी हवा. प्रादेशिक वैमानिकाचें दुःख निराळें आहे तें येथें. त्याच्या विमानावर नांव व रंग बड्या कंपनीचे असतात, तिकिटें तीच विकते, वेळापत्रक तीच ठरविते. त्याचा प्रत्यक्ष धनी हा केवळ मक्तेदार. बडीनें करार काढून घेतला कीं सारें संपलें. १९८२ पासून चालत आलेली ट्रान्स स्टेट्स आणि तिची भगिनीसंस्था कंपस या दोन्ही एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यांत बंद झाल्या. त्याच वर्षीं युनायटेडनें आपल्या लहान जेट विमानांचें काम एक्सप्रेसजेटकडून काढून दुसऱ्या मक्तेदारास दिलें. हीच ती युनायटेड, जिच्या घरांत त्या सप्टेंबरांत तीळ वांटला गेला! घरांतली वांटणी उंबरठ्याबाहेर गेली नाहीं. आणि कंपनीच बुडाली तेव्हां यादीचा पहिला व यादीचा शेवटचा हे एका सकाळीं सारखे झाले. पंचवीस वर्षें उडणाऱ्या कप्तानास दुसऱ्या कंपनींत जावयाचें तर तेथील यादीच्या तळाशीं, कालच्या पोरांच्या मागें उभें राहावें लागतें. ज्येष्ठता हें धन खरें, पण तें त्या एका दुकानाच्या हुंडीवर होतें.

पुढें काय झालें तें पाहिलें म्हणजे हिशेब करणाऱ्यांच्या दूरदृष्टीचीही किंमत कळते. २०२० सालीं वैमानिक जास्त झाले म्हणून कित्येकांस मुदतीपूर्वींच निवृत्त केलें; २०२२ सालीं वैमानिक मिळेनात. बड्या कंपन्यांनीं प्रादेशिकांचे वैमानिक ओढून नेले, आणि त्या मार्चमध्यें स्कायवेस्ट कंपनीनें २९ लहान गांवांची, सरकारी साहाय्यावर चालणारी सेवा सोडण्याची नोटीस दिली. दुसरी कंपनी मिळेपर्यंत सोडतां येणार नाहीं, असा सरकारचा हुकूम झाला. १९७८ सालीं भाडीं व मार्ग खुले केले, तेव्हांच लहान गांवांस दिलेलें तें वचन होतें. जेथें असें वचन नव्हतें तेथें हुकूमही नव्हता. त्याच सप्टेंबरांत अमेरिकन कंपनीचीं विमानें टोलेडो, इथाका, डुब्यूक येथें उतरावयाचीं थांबलीं.

डुब्यूक हें मिसिसिपीच्या कांठचें गांव. तेथील धांवपट्टी जागच्या जागीं राहिली, दिवेही राहिले. त्या धांवपट्टीवर शेंकडों वेळां उतरलेल्या वैमानिकास तिचें उजव्या बाजूचें वारें आणि हिंवाळ्यांतील धुकें पाठ झालेलें असतें. तें ज्ञान आतां कोणत्या यादींत, कितव्या क्रमांकावर लिहावयाचें?