पुरेसे म्हणजे किती?

साधन किती असले म्हणजे पुरे, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. विमानोड्डाणाच्या सरावासाठी घरी संगणक जुळवणाऱ्यापुढे तो प्रोसेसर आणि रॅमच्या रूपाने उभा राहतो. ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात त्याचे उत्तर शोधले. कोणत्याही कलेचे साधन आकाराने वा संख्येने अमर्याद नसते. त्याची मर्यादा ते ज्या कामासाठी आहे ते काम ठरवते, असे त्याचे प्रतिपादन आहे. साधनच साध्य झाले, की मर्यादा ठरवायला काही उरत नाही.

म्हणून आधी काम पाहावे लागते. उड्डाणाचा सराव देणाऱ्या संगणक-प्रणालीत पडद्यावरच्या प्रत्येक चित्रापूर्वी विमानाची स्थिती, हवेचे बल, यंत्रांचे आकडे, भोवतालचा भूप्रदेश आणि इतर विमाने यांचा हिशेब प्रोसेसर करतो. मग ग्राफिक्स कार्ड चित्र रेखाटते. सेकंदाला ३० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. या हिशेबाचा मोठा भाग एकामागून एक असाच करावा लागतो, त्यामुळे तो अनेक कोअरमध्ये वाटून देता येत नाही.

संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये ही मर्यादा मांडली. समजा, ४० टक्के काम क्रमानेच करावे लागते. तर ८ कोअरनी एकूण वेग सुमारे २.१ पट होतो, १६ कोअरनी २.३ पट, कोअर कितीही वाढवले तरी तो अडीच पटीपुढे जात नाही. म्हणून येथे कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग आणि कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद स्मृती, मोलाची ठरते. २०२३ मध्ये आलेल्या एएमडीच्या 'रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी'मध्ये कोअर आठच आहेत, पण तिसऱ्या स्तराची कॅशे ९६ एमबी आहे. वारंवार लागणारी माहिती हाताशी राहत असल्याने तो या कामात सरस ठरतो.

रॅमचे गणित वेगळे आहे. ती कमी पडली, तर माहिती मंदगती डिस्कवरून आणावी लागते आणि धावपट्टी जवळ आलेली असतानाच चित्र अडखळते. ती गरजेहून जास्त असली, तर उरलेली जागा रिकामी पडून राहते. तिने वेग वाढत नाही. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'च्या २०२० च्या आवृत्तीसाठी १६ जीबी रॅमची शिफारस होती, २०२४ च्या आवृत्तीसाठी ३२ जीबीची. रॅम एकाच पट्टीत न घेता दोन पट्ट्यांत घेतल्यास प्रोसेसरला दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती मिळते.

पुरेसे याचा अर्थ जेमतेम असा मात्र नव्हे. वैमानिक प्रवासापुरतेच इंधन घेत नाही; पर्यायी विमानतळाची तरतूद करतो आणि शिवाय अखेरचा साठा ठेवतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा साठा जेट विमानाला ३० मिनिटांचा असतो. पण टाकी विनाकारण काठोकाठ भरणेही योग्य नसते, कारण जादा इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. गरज आणि मोजून ठेवलेली शिल्लक, अशी पुरेपणाची दोन अंगे आहेत.

भारतीय परंपरेत हा विचार अपरिग्रहाच्या, म्हणजे संग्रह न करण्याच्या रूपाने येतो. पतंजलींच्या पाच यमांत तो आहे आणि जैन साधूंचे ते महाव्रत आहे. जैन गृहस्थासाठी मात्र परिग्रह-परिमाण हे अणुव्रत सांगितले आहे. त्यात सर्वस्वाचा त्याग नाही. किती बाळगायचे याची सीमा स्वतःच आखायची असते. बाजारात जाण्याआधी सीमा ठरली, की नवा प्रोसेसर पाहून ती हलत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे: चार वर्षांत १६ चे ३२ झाले, मग सीमेला अर्थ काय? उत्तर असे, की सीमा कामाबरोबर बदलते आणि बदलावीही. नवी आवृत्ती किंवा अधिक तपशिलाचे विमानतळ वापरायचे ठरले, तर नवे परिमाण ठरवणे हा व्रतभंग नव्हे. काम तेच असताना केवळ दुसऱ्याकडे अधिक आहे म्हणून सीमा ओलांडणे, हा परिग्रह.

या कसोटीवर घरगुती सरावासाठी मोठ्या कॅशेचा आठ कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ३२ जीबी रॅम ही निवड बहुतेकांना पुरेशी ठरते. ज्याला अनेक जड पूरक प्रणाली एकाच वेळी चालवायच्या आहेत, त्याने ६४ जीबी घ्यावी. त्यापुढचा खर्च उड्डाणाच्या सरावात काही भर घालत नाही.